जीसीसीचे ‘प्युअर’ आणि ‘कॉन्स्ट’ ॲट्रिब्यूट : काही महिन्यांच्या वापरानंतर

बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यांसाठी ट्रान्सफॉर्मर-चाचणीचं सॉफ्टवेअर आम्ही सी भाषेत, जीसीसी या कंपायलरवर बांधतो. हे दोन्ही ॲट्रिब्यूट, म्हणजे फंक्शनबद्दल कंपायलरला हमी देणाऱ्या खुणा, त्यात भरपूर वापरून झाले. आमचं मत : ‘प्युअर’ बिनधास्त नाही, पण जरूर वापरा, ‘कॉन्स्ट’ला फार जपून हात लावा.

चॅनलचा गुणक देणारं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असलं की कंपायलरला दिसतं फक्त हेडरमधलं डिक्लेरेशन. आत काय चालतं ते कळत नसल्यामुळे हा कॉल कुठलाही ग्लोबल बदलू शकतो, असंच त्याला धरावं लागतं. परिणामी लूपच्या प्रत्येक फेरीत कॉल होतो आणि व्हेक्टरायझेशनही (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणं) हुकतं. ‘प्युअर’ लिहिलं की फंक्शन मेमरी वाचेल पण बदलणार नाही, एवढी हमी मिळते. ‘कॉन्स्ट’ त्याच्याही पुढे जातं : बदलू शकणारी मेमरी वाचणारही नाही, उत्तर फक्त आर्ग्युमेंटवर ठरेल.

खरी गोम इथेच आहे. गुणक ग्लोबल टेबलातून येत असेल आणि त्यावर ‘कॉन्स्ट’ लिहिलं, तर कॅलिब्रेशननंतर टेबल बदलूनही त्याच फंक्शनमध्ये जुनाच गुणक वापरला जाऊ शकतो. ओ-झिरोवर (ऑप्टिमायझेशन बंद) सगळं बरोबर, ओ-टूवर (ऑप्टिमायझेशन चालू) रीडिंग चुकीचं, आणि वॉर्निंग एकही नाही. पॉइंटर घेऊन त्यामागचा बदलता डेटा वाचणारं फंक्शनही ‘कॉन्स्ट’ नव्हेच.

‘प्युअर’कडून मात्र चमत्काराची अपेक्षा नको. लूपमध्ये आउटपुट ॲरेत लिहिणं चालू असेल, तर ते लिहिणं टेबलावर पडलं असेल ही शंका उरते, म्हणून कॉल सहसा लूपबाहेर निघत नाही. अशा वेळी गुणक लूपआधी लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यावा, हेच उत्तम. स्ट्रिंगची लांबी मोजणाऱ्या स्ट्रलेनचंही तसंच : अटीत स्ट्रलेन आणि लूपमध्ये त्याच स्ट्रिंगमध्ये लिहिणं असलं, की लांबी दर फेरीला नव्याने मोजली जाऊ शकते. बेरीज किंवा शोध, म्हणजे नुसतं वाचणारे लूप, तिथे ‘प्युअर’ चोख काम करतं.

फंक्शनमध्ये डीबगसाठी प्रिंट टाकाल तर ‘प्युअर’ आधी काढा; उत्तर वापरलं नाही तर अख्खा कॉलच उडतो, प्रिंटसकट.

कुठे लावायचं हे ठरवताना ‘डब्ल्यू-सजेस्ट-ॲट्रिब्यूट’ हा पर्याय प्युअर आणि कॉन्स्ट दोन्हींसाठी चालू करा. काही वॉर्निंगच्या शेवटी ‘फंक्शन नीट परत येत असेल तर’ अशा अर्थाची पुस्ती असते, ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कधीच न संपणारं फंक्शन या दोन्हींत बसत नाही. एकाच फाइलमधल्या फंक्शनची शुद्धता जीसीसी ओ-वनपासून स्वतःच ओळखतो, तिथे हाताने लिहिण्याची गरज क्वचितच. फाइलींच्या पलीकडे तेच हवं असेल तर एलटीओ (लिंक करताना सगळ्या फाइली मिळून होणारं ऑप्टिमायझेशन) लावून बघा. ॲट्रिब्यूट लिहिलंच, तर ते हेडरमधल्या डिक्लेरेशनवर हवं. नुसतं डेफिनिशनवर असेल तर बाहेरच्या फाइलींना त्याचा पत्ताच लागत नाही. शेवटी कंपायलरच्या एस पर्यायाने असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या पातळीवरचा कोड, काढून लूपमधला कॉल खरंच गेला का, ते पाहा.