अवकलज सांगणारा कॅल्क्युलेटर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

मुलीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी अप्पा बळवंत चौकातून साधारण १,२०० रुपयांना सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेतला, तेव्हा खोक्यावर छापलेली अवकलजाची (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर) सोय पाहून आता पानभर आकडेमोडीतून सुटका होईल, असे तिला वाटले होते. प्रत्यक्षात हे यंत्र अवकलजाचे सूत्र काढून देत नाही. दिलेल्या बिंदूपाशी त्याची किंमत तेवढी सांगते. एक्सचा घन आणि बिंदू २ दिला की पडद्यावर १२ येतात, पण ‘तीन एक्स वर्ग’ हे आपले आपणच काढावे लागते. काढलेले उत्तर ताडून पाहण्यासाठी मात्र ही सोय उत्तम आहे.

पहिल्याच दिवशी साइन एक्सच्या अवकलजाची शून्यापाशी किंमत १ ऐवजी ०.०१७४५ आली आणि यंत्र परत करायला निघण्यापर्यंत आमची मजल गेली. चूक आमचीच होती: कोन रेडियनऐवजी अंशांत ठेवला होता, आणि तो आकडा म्हणजे पाय (π) भागिले १८०. दुसरी खोड मात्र यंत्राचीच. मॉड एक्सच्या (चिन्ह सोडून एक्सची किंमत) आलेखाला शून्यापाशी टोक असल्यामुळे तिथे अवकलज अस्तित्वातच नसतो. तरीही यंत्र निर्विकारपणे ० दाखवते, कारण ते बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या किमतींची वजाबाकी करते आणि त्या इथे सारख्याच असतात. माहितीपत्रकात याचा खुलासा हवा होता.

अवकल समीकरणांसाठी (ज्यांत अवकलज येतो अशी समीकरणे) वेगळी कळ नाही, तरी खरा उपयोग आम्हाला तिथेच झाला. चहा ९० अंशांवर आहे, खोली ३० अंशांवर, आणि दोन्हींतल्या फरकाच्या ५ टक्के इतक्या दर मिनिटाच्या वेगाने तो निवतो, असे न्यूटनच्या निवण्याच्या नियमाचे समीकरण घ्यावे. ९० लिहून बरोबरची (=) कळ दाबावी, मग ‘आन्स वजा ०.०५ गुणिले कंसात आन्स वजा ३०’ (आन्स म्हणजे आधीचे उत्तर) असे एकदाच लिहून तीच कळ दाबत राहावे: ८७, ८४.१५, ८१.४४२५. दहाव्यांदा ६५.९२ येतात, समीकरण रीतसर सोडवले तर ६६.३९. अर्ध्या मिनिटाच्या पायऱ्या घेऊन (०.०५ ऐवजी ०.०२५) वीस वेळा कळ दाबली तर ६६.१६, म्हणजे चूक जवळजवळ निम्म्यावर. असे पायरीपायरीने उत्तराकडे जाण्याची ऑयलरची रीत मुलीला फळ्यापेक्षा या कळीवर लवकर उमगली.

बारावी बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे त्याआधी घेण्याची घाई करू नये. बाकी कळा अजून नव्यासारख्या आहेत. बरोबरची कळ तेवढी अडखळू लागली आहे, पण तिने चहाही पुष्कळ निववला आहे.