जे-पॅलचा अभ्याससंग्रह: पुरावा भरपूर, पण राबवलं कोणी ते शोधा

स्वयंसेवी संस्थांसाठी प्रकल्पांचे प्रस्ताव लिहिणं हा माझा व्यवसाय. ‘हे चालतं याला पुरावा काय?’ असं देणगीदार हल्ली पहिल्याच बैठकीत विचारतात, आणि मग मी जे-पॅलचा संग्रह उघडते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सेंदिल मुलैनाथन यांनी २००३ साली एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात सुरू केलेली, गरिबीवरच्या योजना खरंच चालतात का ते तपासणारी ही संस्था. पहिल्या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काही गावांना किंवा शाळांना योजना द्यायची, उरलेल्यांना नाही, आणि मग फरक मोजायचा, अशा हजाराहून जास्त चाचण्यांचे गोषवारे इथे फुकट वाचता येतात.

गोषवारे खरोखर चांगले लिहिलेले आहेत. प्रश्न काय होता, कुठे तपासला, काय निघालं, सगळं सरळ सांगितलेलं. केनियातल्या मच्छरदाण्यांचंच घ्या. ‘फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही’ हे वाक्य ऐकून ज्यांचे कान किटलेत त्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा. दवाखान्यात येणाऱ्या गरोदर महिलांकडून मच्छरदाणीचे जेमतेम ०.६० डॉलर घेतले, तर फुकट वाटपाच्या तुलनेत घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागे ६० जणींनी घसरलं. आणि फुकट मिळाली म्हणून कोणी ती कमी वापरली, असंही दिसलं नाही. सूक्ष्मकर्जाचंही, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांचंही, तसंच. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले सहा अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. काहींचे धंदे थोडे वाढले, पण गरिबी हटल्याचं कुठेच आढळलं नाही. कर्जवाटपाच्या चकचकीत पत्रकांसमोर ठेवायला याहून उपयोगी कागद माझ्याकडे नाही.

माझी तक्रार आहे ती तुलनेच्या आलेखांबद्दल. शंभर डॉलर खर्चले तर मुलांच्या शिक्षणाची किती वर्षं वाढतात, याचे उभे खांब एकाशेजारी एक मांडलेले असतात. मादागास्करमध्ये शिकल्याने मिळकत किती वाढते एवढंच पालकांना सांगितलं, तो खांब उंच. जंतनाशक गोळ्यांचाही उंच. बैठकीत हा आलेख पडद्यावर आला की पुढची चर्चा संपलीच म्हणून समजा. सर्वांत उंच खांबाला निधी! पण जंतांचा तो मूळ अभ्यास केनियातल्या बुसिया भागातल्या ७५ शाळांचा, आणि तिथे तपासलेल्या मुलांपैकी ९२ टक्के मुलांना कुठला ना कुठला जंत होता. जिथे दहातल्या दोघांनाच जंत आहेत तिथे तो खांब तेवढा उंच कसा राहील? शिवाय २०१५ मध्ये ती आकडेमोड पुन्हा तपासली गेली, तेव्हा संसर्ग घटल्यामुळे शेजारच्या शाळांनाही झालेल्या फायद्याच्या हिशोबात चुका सापडल्या आणि बराच वाद झाला. खांब मात्र दिसायला ठाम असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. योजना राबवली कोणी? भागीदार संस्थेचं नाव पानावर असतं, पण वाचणाऱ्याची नजर निकालावरच जाते. उदयपूरच्या डोंगराळ गावांतला लसीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध आहे: जिथे काहीच केलं नाही तिथे पूर्ण लसीकरण ६ टक्के, नेमाने शिबिरं भरवली तिथे १८, आणि शिबिरासोबत किलोभर डाळ दिली तिथे ३९. डाळ देऊनही पूर्ण लसीकरण झालेल्या दर बालकामागचा खर्च ५६ डॉलरवरून २८ वर आला, कारण नर्सचा पगार रांग लहान असो की मोठी, तेवढाच द्यावा लागतो. वाचणारे डाळ लक्षात ठेवतात. शिबिर ठरल्या दिवशी हमखास भरायचं, ते सेवा मंदिर ही संस्था मागे उभी होती म्हणून, हे विसरतात.

केनियातल्याच कंत्राटी शिक्षकांच्या चाचणीत हे उघडच दिसलं. तीच योजना काही शाळांत स्वयंसेवी संस्थेने चालवली, काहींत सरकारने. संस्थेच्या शाळांत मुलांचे गुण वाढले, सरकारी बाजूला काहीच नाही. तिथे पगार रखडत होते आणि शिक्षक संघटनांचा विरोधही होता. जगभरात योजना शेवटी जाते ती सरकारच्याच हातात, त्यामुळे ‘राबवणारा कोण’ ही चाळणी शोधपट्टीत देशाच्या आणि विषयाच्या बरोबरीने, सगळ्यात वर हवी.

मराठीत काहीही नाही. इंग्रजी वाचावंच लागतं. घाईत असाल तर गोषवारा पुरतो, पण पैसे खर्च करायचे असतील तर मूळ निबंध काढून प्रयोगाच्या जागेचं वर्णन आधी वाचा, निकालाचा तक्ता नंतर.

प्रस्ताव लिहिणाऱ्यांसाठी पाचपैकी चार तारे. अर्थमंत्रालयात बसणाऱ्याला मात्र मी दोनच सांगेन. विनिमय दर काय ठेवावा, बंदर आधी बांधावं की वीज आधी आणावी, याच्या चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, आणि दक्षिण कोरिया कशामुळे श्रीमंत झाला हे या संग्रहात कितीही शोधलंत तरी सापडणार नाही.