साइडिंग गेजची जोडी: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

साइडिंग गेज म्हणजे भिंतीवर बाहेरून फळ्या चढवताना नवी फळी टेकवून धरणारं हत्यार, ते जोडीने लागतं. एकट्याने फळ्या चढवायच्या असतील तर ही जोडी घ्यावी. भिंतीच्या ओळी आपोआप लेव्हलमध्ये येतील म्हणून कोणी घेत असेल तर त्याने पैसे खिशातच राहू द्यावेत. एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा आणि पुढे दिवाळीपर्यंतचं काम हिच्यावर काढल्यावर माझं मत हे आहे. का ते सविस्तर लिहितो, कारण मी घ्यायला निघालो तेव्हा मराठीत यावर काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

आमचं काम ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमधलं, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातलं, मोहर्ली आणि कोलारा दोन्ही गेटांच्या बाजूला. रिसॉर्टच्या कॉटेजला बाहेरून लाकडासारखं दिसलं पाहिजे, पण लाकूड नको, असं हल्ली सगळ्याच मालकांचं म्हणणं असतं. सागवानाचा खर्च, वाळवी, दरवर्षीचं पॉलिश हे कोणालाच नको आहे. म्हणून लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम करायची आणि तिच्यावर फायबर सिमेंटच्या फळ्या एकीवर एक चढवत न्यायच्या. वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर इंच-सव्वा इंच चढते आणि पाणी बाहेरच्या बाहेर वाहून जातं. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं, आणि त्याच जिल्ह्यात आम्ही सिमेंटवर लाकडाची नस छापलेली फळी ठोकतो. असो. काम आहे, पैसे मिळतात.

या कामात खरा त्रास फळी धरण्याचा. तीन मीटर लांब, २०० मिमी रुंद आणि ८ मिमी जाड फळीचं वजन साडेसहा-सात किलोच्या आसपास. वजन फार नाही, पण आडवी धरली की मधून लवते आणि जोरात लवली तर मोडते. एक माणूस एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि तिसरा स्क्रू मारायला. धान रोवणीच्या दिवसांत तिसरा माणूस मिळतच नाही. कोअरची, म्हणजे आतल्या जंगलाची, गेटं १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद, त्यामुळे मालकाला काम नेमकं त्याच तीन महिन्यांत हवं असतं. आणि आमच्याकडचा प्रत्येक हात त्याच वेळी बांधीत चिखलात असतो. ही जोडी मागवली ती यासाठी.

बाहेर देशातून येणारं हत्यार आहे. कर आणि कुरिअर धरून सात हजारांच्या वर गेलं. गावापर्यंत पार्सल येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागलं, तो खर्च आणि मोडलेला दिवस वेगळा.

चालतं कसं ते सांगतो. प्रत्येक गेजला खाली एक आकडा आहे. तो बसवलेल्या फळीच्या खालच्या कडेखाली जातो आणि त्याची पातळ जीभ फळीच्या मागे सरकते. पुढची खिट्टी दाबली की फळी जीभ आणि पाटी यांच्यात आवळली जाते, गेज तिथेच चिकटून राहतं. वर एक छोटी बैठक आहे, नवी फळी तिच्यावर टेकवायची. आकड्यापासून बैठकीपर्यंतचं अंतर म्हणजे फळीची उघडी दिसणारी पट्टी. हे अंतर स्क्रू सैल करून कमी-जास्त करता येतं. फळीच्या दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर एक-एक गेज लावलं, फळी टेकवली, की दोन्ही हात मोकळे. एका हातात ड्रिल, दुसऱ्या हाताने फळी नुसती दाबायची. स्क्रू मारून झाला की खिट्टी उचला, गेज खाली ओढून काढा आणि वरच्या ओळीला लावा.

पहिल्याच आठवड्यात जाणवलं की तिसरा माणूस खरंच लागत नाही. छोट्या फळ्यांना, म्हणजे खिडकीच्या बाजूच्या तुकड्यांना, दुसराही लागत नाही. इथपर्यंत सगळं कौतुक.

आमच्यासोबत सागवानाच्या कामावर एक म्हातारे काकाजी येतात. रंधा-पटाशीवर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी गेज हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं अन् म्हणाले, "हा त गुटकाच होय बाप्पा, पँटशर्ट घातलेला." गुटका म्हणजे फळीखाली टेकू द्यायचा लाकडी ठोकळा. पोरं हसली. पण त्यांचा पुढचा प्रश्न नेमका होता, "पहिली फळी वाकडी राह्यली त मंग हे काय करते?"

काहीच करत नाही. ही जोडी खालच्या फळीची नक्कल वर करते. खालची फळी एका टोकाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, खाली असेल तर वरची, तिच्या वरची, शेवटपर्यंत सगळ्या तशाच. त्यामुळे पहिल्या ओळीवर जेवढा वेळ घालवाल तेवढा कमीच. आम्ही लेव्हल पाइपने चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या खुणा घेतो, रंगाची दोरी मारतो, आणि पहिल्या फळीच्या खालच्या कडेमागे फळीच्याच जाडीची पट्टी ठोकतो. ही पट्टी नसेल तर पहिली फळी सपाट बसते आणि वरच्या तिरप्या, आणि लांबूनही ते डोळ्याला खटकतं. जमिनीपासून सहा इंच तरी वर सुरू करायचं, नाहीतर पावसाचे शिंतोडे आणि लाल माती फळीच्या कडेला बसते.

दुसरी गोष्ट मापाची, आणि इथे थोडा हिशेब करावाच लागतो. आमच्या कॉटेजची भिंत फळ्यांसाठी २७०० मिमी उंच. पहिली फळी २०० खाते, राहिले २५००. लॅप, म्हणजे एका फळीवर दुसरी चढते तो भाग, ३० धरला तर उघडी पट्टी १७०, आणि २५०० ला १७० ने भागलं तर येतात १४.७ ओळी. म्हणजे छताखाली फळी कापावी लागणार, आणि शेवटची ओळ बारीक दिसणार. त्याऐवजी सरळ १५ ओळी धरल्या, तर २५०० भागिले १५ म्हणजे १६६.७ मिमी. लॅप ३३ मिमीच्या थोडा वर जातो, त्यात नुकसान काहीच नाही, आणि वर एकही फळी चिरावी लागत नाही.

आता १६६.७ मिमी या गेजवर कसं लावायचं? गेजवरची मापपट्टी इंचात आहे, खुणा एक-अष्टमांश इंचाच्या. म्हणजे आपलं एक सूत. आपल्या मिस्त्रींना ते मिमीपेक्षा सोयीचंच. १६६.७ मिमी म्हणजे साडेसहा इंच आणि अर्धं सूत. पण अर्ध्या सुताची खूण तिथे नाही, डोळ्याच्या अंदाजाने लावावी लागते, आणि दोन गेज दोन अंदाजांनी लावली की संपलं. अर्धा मिमी चूक धरा. १५ ओळींत ती साडेसात मिमी होते, म्हणजे सव्वादोन सुतांच्या वर. एका टोकाला तेवढी आणि दुसऱ्या टोकाला शून्य, म्हणजे छताखाली फळी तिरकी आलीच. म्हणून गेजवरच्या खुणांवर विसंबूच नका. प्लायचा एक तुकडा नेमक्या मापाला कापा, तो आकडा आणि बैठक यांच्यात बसवा, आणि दोन्ही गेज त्याच एका तुकड्यावर आवळा. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तो तुकडा घालून बघा. गेजचा स्क्रू कंपनाने थोडा ढिला होतो, हा या हत्याराचा मला वाटतो तो सगळ्यात मोठा दोष. पाना वापरून आवळायची सोय नाही, बोटांनीच फिरवायचा आहे.

याच्या जोडीला काकाजींची मापकाठी. दोन बाय एकची सरळ रीप, तिच्यावर सगळ्या ओळींच्या खुणा आधीच केलेल्या, आणि ती भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांवर धरायची. दर चार ओळींनंतर काठी लावून बघतो. फरक दिसला तर पुढच्या दोन-तीन ओळींत अर्धं-अर्धं सूत खाऊन टाकतो, कोणाला कळतही नाही. गेज फळी धरायला आणि काठी चूक पकडायला, अशी वाटणी आता आमच्याकडे पक्की झाली आहे. मला विचाराल तर दोन्हींतलं एकच ठेवायचं झालं तर मी काठी ठेवीन, आणि ती फुकट आहे.

हे हत्यार ज्या देशात बनतं तिथली फळी सव्वाआठ इंच रुंद, सव्वा इंच लॅप, सात इंच उघडी पट्टी, आणि जाडी पाच-सोळांश इंच, म्हणजे ८ मिमीला जराशी कमी. त्यामुळे आपली ८ मिमीची फळी आकड्यात अशी बसते जणू त्याच्यासाठीच केली. पण १० मिमीची जातच नाही. कोलारा बाजूच्या एका कामाला मालकाने १० मिमी आणून टाकली तेव्हा जोडी अख्खं काम पेटीत पडून राहिली. घेण्याआधी जाडी पाहून घ्या.

खऱ्या लाकडावर तर विचारच करू नका. आरा मशीनवरून आलेली सहा सुती फळी एका टोकाला सहा सूत, दुसऱ्या टोकाला पावणेसात. आकड्यात बसायचा प्रश्नच नाही. शिवाय लाकडाचं ठोकणंही वेगळं. सिमेंटच्या फळीला वरच्या कडेपासून इंचभर खाली स्क्रू मारतात, तो वरच्या फळीखाली झाकला जातो आणि खालची कड मोकळी राहते, म्हणून गेजची जीभ आत शिरते. रुंद लाकडी फळीला खिळा मारायचा तो लॅपच्या जरा वर, खालच्या फळीच्या डोक्यात घुसणार नाही असा. दोन्ही फळ्या एकाच खिळ्यात धरल्या तर लाकूड पावसाळ्यात फुगतं, मेमध्ये आकसतं, आणि मधोमध चीर पडते. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर आणि जुलैत भिंतीला ओल, त्यामुळे ही चीर हमखास. पण लॅपच्या वरच खिळा पडला की फळी खाली घट्ट दाबली जाते आणि जीभ शिरायला जागा उरत नाही. लाकडाला काकाजींचे उरलेल्या तुकड्यांचे गुटकेच बरे.

उन्हाचं सांगतो. मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे गेजचा अॅल्युमिनियमचा दांडा उघड्या हाताने धरवत नाही. हातमोजे घाला, किंवा आमच्यासारखं सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबा. बैठकीवर फळीला ओरखडा पडू नये म्हणून चिकटवलेला रबराचा तुकडा पहिल्याच उन्हाळ्यात सुटला, दोन्हींचा. विकणाऱ्याला कळवलं, उत्तर आलं नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशनने लावला, तो अजून आहे.

मजबुतीची परीक्षा वानरांनी घेतली. जेवायला बसलो असताना एकाने परांचीवरचं गेज उचललं, चावून पाहिलं, आणि वरून खाली फरशीवर टाकून दिलं. प्लायचा तुकडा घालून बघितला, मापात केसाचाही फरक नव्हता. दाताची खूण मात्र प्लॅस्टिकच्या खिट्टीवर राहिली आहे, मालक पाहुण्यांना दाखवतो.

एक गोष्ट पोरांना बजावून ठेवली आहे. फळी गेजवर टेकवली की दोन स्क्रू मारल्याशिवाय खाली उतरायचं नाही. आपल्याकडे मेअखेरीस वावधन उठतं ते सांगून येत नाही, आणि नुसती टेकवलेली फळी वाऱ्याला उभी राहत नाही. खाली माणूस असतो.

कोपऱ्यावर, पाइपच्या क्लॅम्पजवळ आणि छताखालच्या शेवटच्या ओळीला गेज काम देत नाही, हात घालून खिट्टी सोडायला जागाच उरत नाही. तिथे दोघं लागतातच. कापताना धूळ उडते ती सिलिकाची, तिचा गेजशी संबंध नाही, पण एकटा माणूस काम भराभर करू लागला की तोंडाला मास्क लावायचं टाळतो, एवढं पाहिलं आहे.

पैसे वसूल झाले का? रोवणीच्या दिवसांत झाले, कारण तेव्हा मजूर पैसे देऊनही मिळत नव्हता. एरवी दोन माणसं हाताशी असतील तर सात हजार जास्त आहेत.

१० मिमीच्या फळीसाठी मी मागच्या महिन्यात एका फॅब्रिकेटरकडून दोन नग करून घेतले. सगळी पाटी १.२ मिमीच्या स्टेनलेस पत्र्याची, कारण जीभ त्याहून जाड झाली की खालच्या कडेला फळी उचलली जाते आणि फट दिसते. आकड्याचं तोंड ११ मिमी, जीभ २० मिमी खोल, म्हणजे लॅपच्या आत राहते. वरची बैठक १५ मिमी बाहेर. उंची सरकती ठेवलीच नाही, साडेसहा इंच अर्धं सूत अशी कायमची. खिट्टीच्या जागी हाताने फिरवायचा कानाचा बोल्ट आणि टोकाला रबर. विकतच्या खिट्टीपेक्षा आवळायला वेळ लागतो, पण माप ढिलं होत नाही. दुसऱ्या मापाची साइट आली तर दुसरे दोन करावे लागतील, तरी विकतच्या जोडीच्या निम्म्यातही जात नाहीत. करून घेताना दोन्ही नगांच्या बैठका एकत्र आवळून एकाच वेळी घासायला सांगा. आमच्या पहिल्या नगांत पाऊण मिमीचा फरक आला होता आणि ते परत करावे लागले.