पाळी गेल्यावर रक्तस्राव: नळीने तपासणी, क्युरेटिंग की दुर्बीण?

पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा डाग दिसला, सोनोग्राफीत गर्भपिशवीचं अस्तर 4 मिमीपेक्षा जाड निघालं, की तुकडा तपासायलाच हवा. प्रश्न उरतो तो कसा घ्यायचा. त्यातच दुर्बिणीचं, म्हणजे योनीमार्गातून गर्भपिशवीत घालायच्या बारीक कॅमेऱ्याचं, नाव निघालं की कोणीतरी सांगतं, ‘दुर्बीण नको, कॅन्सर पसरतो.’

बारीक नळी आत घालून अस्तराचा नमुना ओढून घेण्याची तपासणी ओपीडीत, भूल न देता, काही मिनिटांत होते. पाळीसारखी कळ येते, तेवढंच. अस्तरभर पसरलेला आजार ती चांगला पकडते. एखाद्या कोपऱ्यात किंवा पॉलिपमध्ये, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या कोंबासारख्या गाठीत, दडलेला मात्र निसटू शकतो. क्युरेटिंगला बहुधा भूल लागते, तरी आतलं दिसत नाहीच, खरवडायचं ते अंदाजाने. पहिली निवड म्हणून मी ते सुचवणार नाही.

दुर्बिणीत संशयाची जागा डोळ्यांनी दिसते आणि तुकडा तिथूनच घेता येतो. भीतीचं मूळही तिथेच आहे. गर्भपिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात; आत पाहायचं तर सलाईन दाबाने सोडून त्या दूर कराव्या लागतात. ते पाणी गर्भनलिकांतून पोटात उतरू शकतं, आणि सुट्या झालेल्या पेशीही त्याच्याबरोबर जातात. ही भीती पोकळ नाही: दुर्बिणीनंतर पोटातल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी जास्त वेळा सापडल्या आहेत. पण पेशी सापडणं वेगळं आणि त्या तिथे रुजणं वेगळं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा दुर्बिणीमुळे आयुष्य घटल्याचं दिसलं नाही. कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या 1988च्या वर्गीकरणात नुसत्या या पेशींवरून आजार तिसऱ्या टप्प्यात धरत. 2009मध्ये ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने तो निकष काढून टाकला. मात्र यातले बरेच अभ्यास जुन्या नोंदींवरून केलेले आहेत, त्यामुळे काळजी घ्यायची ती घ्यावीच.

नळीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर स्पष्ट आला असेल, तर नुसतं आत पाहायला दुर्बीण कशाला? एमआरआय आणि शस्त्रक्रियेकडे वळावं. मूल हवं म्हणून गर्भपिशवी राखून हार्मोनचे उपचार घेणाऱ्या तरुण स्त्रीची गोष्ट निराळी. तिला दुर्बिणीचा खरा उपयोग होतो.

आणि रिपोर्ट ‘नमुना अपुरा’ किंवा ‘नॉर्मल’ येऊनही रक्त जातच असेल, तर दुर्बीण टाळू नका. निदान लांबण्याचा धोका त्या पाण्यापेक्षा मोठा आहे. डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: ‘पाण्याचा दाब किती ठेवणार?’ नीट दिसेल इतपतच, शक्यतो 100 मिमी पाऱ्याच्या बराच खाली, आणि वेळही कमीत कमी.