फ्लोअरिंगच्या कारागिराला स्पॉन्सर करताना: एच-टू-बी की ईबी-थ्री? मजुरीच्या हिशेबाने तुलना

अमेरिकेत तुमची फ्लोअरिंगची छोटी कंपनी आहे, चांगला हात असलेला माणूस मिळत नाही, म्हणून बाहेरच्या देशातून कारागीर आणावा असं मनात आहे. वकिलाकडे गेलात की दोन रस्ते समोर येतात. एक एच-टू-बी, म्हणजे काही महिन्यांपुरतं तात्पुरतं काम. दुसरा ईबी-थ्री, म्हणजे कायमच्या नोकरीवर ग्रीन कार्ड. एच-वन-बी इथे कामाचा नाही. त्याला पदवी लागणारं काम हवं.

बहुतेक जण हे दोन रस्ते वकिलाची फी आणि लागणारा वेळ यांवर तोलतात. मी म्हणेन, आधी मजुरी तोला. फी एकदा भरून संपते. मजुरीचा दर मात्र कारागीर तुमच्याकडे आहे तोवर दर आठवड्याला द्यायचा असतो, आणि तो दोन्हीकडे वेगळ्या रीतीने ठरतो.

सुरुवात दोन्हीकडे सारखीच आहे. दर तुम्ही ठरवत नाही. फॉर्म ९१४१ भरून लेबर डिपार्टमेंटच्या नॅशनल प्रिव्हेलिंग वेज सेंटरकडे पाठवायचा आणि त्या कामाला त्या भागात काय दर (प्रिव्हेलिंग वेज) चालतो ते त्यांनी कळवायचं. आकडे येतात ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या ओईडब्ल्यूएस या रोजगार-मजुरीच्या पाहणीतून आणि दरवर्षी १ जुलैला बदलतात. तुमचा युनियनशी करार असेल तर पाहणीऐवजी करारातला दर लागतो. बाहेरून माणूस आणल्यामुळे इथे आधीपासून गुडघ्यावर बसून काम करणाऱ्याची मजुरी पडू नये, हा या सगळ्यामागचा हेतू आहे. तो मला पूर्ण पटतो, आणि पुढचं सगळं तो धरूनच लिहिलं आहे.

आधी कोड बघा

आपण सरसकट ‘फ्लोअरिंग’ म्हणतो, पण सरकारी यादीत असा एकच धंदा नाही. कार्पेट टाकणारा ४७-२०४१ मध्ये येतो. व्हिनाइल, लिनोलियम टाकणारा ४७-२०४२ मध्ये. लाकडी फरशी घासून पॉलिश करणारा ४७-२०४३, टाइल आणि दगड बसवणारा ४७-२०४४. आणि हार्डवुड बसवणारा? तो यांपैकी कशातच नाही. हार्डवुड फ्लोअर बसवणं सुतारकामाच्या व्याख्येत आहे, ४७-२०३१. एकाच शहरात या पाचांचे दर वेगवेगळे निघतात.

छोट्या कंपनीत एकच माणूस सोमवारी व्हिनाइल प्लँक टाकतो आणि गुरुवारी बाथरूमला टाइल लावतो. कामाच्या वर्णनात दोन्ही लिहिलंत तर दोन्ही रस्त्यांवर जास्त दराचा कोड लागू होतो. म्हणून काही जण फक्त स्वस्त कोडचं काम लिहितात आणि माणूस आला की त्याच्याकडून सगळंच करून घेतात. हे करू नका. एच-टू-बीमध्ये लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड आवर डिव्हिजनचा तपासनीस थेट साइटवर येऊन कारागिराला विचारू शकतो, ‘गेल्या आठवड्यात काय केलंस?’ मग फरकाची मजुरी भरावी लागतेच, वर एक ते पाच वर्षं या कार्यक्रमातून बाहेर राहावं लागू शकतं.

दर कसा ठरतो

खरा फरक इथे आहे. ईबी-थ्रीसाठी जी लेबर सर्टिफिकेशन लागते, म्हणजे पर्म, तिच्यात चार पायऱ्या असतात. लेव्हल एक नवख्याची, लेव्हल चार मुरलेल्याची. तुम्ही नोकरीसाठी जेवढा अनुभव, जेवढं खास कौशल्य मागाल, हाताखाली माणसं द्याल, तसे गुण वाढतात आणि पायरी चढते. पायरी नोकरीच्या अटींवरून ठरते, माणसावरून नाही. वीस वर्षं टाइल लावलेला माणूस आणलात, पण नोकरीला अनुभवाची अटच नसेल, तर दर खालच्या पायरीचाच येतो.

एच-टू-बीमध्ये पायऱ्याच नाहीत. त्या धंद्याची त्या भागातली सरासरी, बस. नवखा असो वा उस्ताद, सरासरीच्या खाली जायचं नाही. राज्याचं किंवा शहराचं किमान वेतन त्याहून जास्त असेल तर ते द्यायचं.

मग ही सरासरी चार पायऱ्यांत कुठे बसते? लेव्हल एक म्हणजे सर्वात कमी मिळवणाऱ्या एकतृतीयांश लोकांची सरासरी, लेव्हल चार म्हणजे वरच्या दोनतृतीयांशांची. मधल्या दोन पायऱ्या त्यांच्यातलं अंतर तीन भागांत वाटून काढतात. समजा (आकडे फक्त उदाहरणासाठी) लेव्हल एक तासाला १८ डॉलर आणि लेव्हल चार ३० डॉलर आहे. मग लेव्हल दोन २२ आणि तीन २६. आता सगळ्यांची सरासरी काढा: १८ चा एकतृतीयांश ६, ३० चे दोनतृतीयांश २०, मिळून २६. म्हणजे एच-टू-बीचा दर जवळपास लेव्हल तीनइतका. तात्पुरत्या व्हिसावरचा माणूस स्वस्त पडेल हा समज इथेच गळून पडतो. लेबर डिपार्टमेंटच्या फ्लॅग या वेबसाइटच्या वेज सर्चमध्ये तुमची काउंटी आणि कोड टाकून चारही पायऱ्या आणि सरासरी स्वतः बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

यावरून ‘मग पर्म करू आणि लेव्हल एक घेऊ’ असं वाटेल. पण त्यात एक पेच आहे. ईबी-थ्रीमध्ये ‘कुशल’ म्हणून जायचं तर नोकरीलाच किमान दोन वर्षांचा अनुभव किंवा प्रशिक्षण लागतं. ती अट घातली की दराची पायरी चढू शकते. अट नाही घातली तर दर खाली राहील, पण अर्ज ‘अदर वर्कर्स’च्या, म्हणजे ज्या कामाला दोन वर्षांचा अनुभव लागत नाही त्यांच्या, ग्रीन कार्डच्या रांगेत जाईल. तिथे वर्षाला १०,००० च्या वर जागा नाहीत आणि रांग बहुतेक देशांसाठी कुशलच्या मागे असते. २०२५ मध्ये ती दीडेक वर्षाहून जास्त मागे होती. तासाला चार डॉलर वाचवायचे की दीड-दोन वर्षं, असा तो सौदा आहे. मला विचाराल तर ज्या कामाला खरोखर दोन वर्षं हात बसवावा लागतो, तिथे दोन वर्षं लिहा. मोठ्या आकाराची टाइल उतार असलेल्या शॉवरमध्ये लावणं हे सहा महिन्यांत शिकायचं काम नव्हे.

पैसे कधीपासून आणि किती तासांचे

एच-टू-बीत पहिल्या दिवसापासून. आठवड्याला किमान ३५ तासांचं काम हवं, आणि दर १२ आठवड्यांत जाहीर केलेल्या कामाच्या दिवसांपैकी तीनचतुर्थांशांइतकं काम देण्याची हमी तुमची. ४० तासांच्या आठवड्याने १२ आठवड्यांचे ४८० तास, म्हणजे ३६० तास पक्के. बिल्डरने साइट पुढे ढकलली, माल गोदीत अडकला, तरी वरच्या उदाहरणातल्या २६ डॉलरने एका माणसाचे ९,३६० डॉलर द्यायचेच. आणि तेच काम करणाऱ्या तुमच्या इथल्या माणसांनाही, वर्षभर सलग पूर्णवेळ कामावर असलेले जुने सोडून, तोच दर द्यावा लागतो. हे कलम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोन माणसं आणली म्हणून अलीकडे घेतलेल्या चौघांचा दर चढू शकतो. हिशेब सहा जणांचा करा.

ईबी-थ्रीत तो दर देण्याचं बंधन ग्रीन कार्ड हातात आल्यावर सुरू होतं. पण तो देण्याची ऐपत मात्र पर्म दाखल केल्याच्या तारखेपासून दाखवावी लागते, आणि अनेक छोटे कंत्राटदार इथेच अडकतात. कर वाचावा म्हणून अकाउंटंटने वर्षानुवर्षं नफा जवळपास शून्यावर आणून ठेवलेला असतो; इमिग्रेशन खातं तेच टॅक्स रिटर्न उघडून विचारतं की एवढ्या उत्पन्नात वर्षाला ५० हजार डॉलर कुठून देणार? निव्वळ उत्पन्न किंवा निव्वळ चालू मालमत्ता त्या पगाराइतकी दिसली पाहिजे, किंवा तो माणूस आधीच त्या पगारावर असला पाहिजे. दोघांना स्पॉन्सर केलं तर दोघांचा पगार धरून. वकिलाआधी अकाउंटंटशी बोला.

उक्तं काम आणि दहा-नव्व्याण्णव

आपल्या धंद्यात मजुरी स्क्वेअर फुटावर चालते. दोन्ही रस्त्यांवर तशी द्यायला मनाई नाही, पण खाली ठरलेल्या दराची जमीन हवी. एच-टू-बीत आठवड्याचा हिशेब लागतो. समजा फुटाला दीड डॉलर ठरला. सोमवारी साइटवर जुन्या व्हिनाइलखालचा गोंद खरवडण्यात दिवस गेला, मंगळवारी स्लॅब ओला निघाला म्हणून ओलावा तपासून लेव्हलिंग ओतलं, ते वाळेपर्यंत बुधवार. उरलेल्या दोन दिवसांत ६०० फूट झालं. उक्त्याने झाले ९०० डॉलर. ४० तासांचे २६ ने होतात १,०४०. वरचे १४० त्याच आठवड्याच्या पगारात द्यायचे, पुढच्या चांगल्या आठवड्यात वळते करायचे नाहीत. पर्ममध्येही बोनस, इन्सेंटिव्ह वगैरे दरात धरायचे असतील तर प्रिव्हेलिंग वेजइतकी रक्कम आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला देण्याची हमी लागते.

आणि स्पॉन्सर केलेला माणूस दहा-नव्व्याण्णववर (फॉर्म १०९९), म्हणजे स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, ठेवता येत नाही. तो डब्ल्यू-टूवरचा नोकरदार. एच-टू-बीत हत्यारंही तुमची: स्ट्रेचर, नी किकर, वेट सॉ, नेलर, आणि हो, नी पॅडसुद्धा. ‘स्वतःची हत्यारं घेऊन ये’ ही या धंद्यातली जुनी रीत तिथे चालत नाही.

सरकारी काम असेल तर

‘प्रिव्हेलिंग वेज’ हेच नाव आणखी एका कायद्यात आहे आणि त्यामुळे पुष्कळ गोंधळ होतो. १९३१ चा डेव्हिस-बेकन कायदा २,००० डॉलरवरच्या फेडरल बांधकामाला लागतो. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया अशा राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत. तिथला दर वेगळा ठरतो, त्यात मूळ मजुरी आणि वर फ्रिंज (विमा, पेन्शनसारखे लाभ) असे दोन भाग असतात, आणि दर आठवड्याला सर्टिफाइड पेरोल, म्हणजे सहीनिशी पगाराचा तक्ता, भरावा लागतो. व्हिसासाठी आलेला दर हातात आहे म्हणून शाळेच्या कामावर तोच देऊन भागत नाही. दोन्ही लागू असतील तिथे जास्तीचा द्यायचा.

याचा फटका एच-टू-बीला जास्त बसतो. तिथे गरज तात्पुरती का आहे याचं कारण दाखवावं लागतं. आपलं काम घराच्या आत चालतं, त्यामुळे ‘हिवाळ्यात काम बंद असतं’ हे कारण सहज टिकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांच्या फरशा बदलायची गर्दी हे त्यातल्या त्यात भक्कम कारण, पण ते काम बहुधा सार्वजनिक, म्हणजे दर आणखी वर.

मग कोणी काय करावं

वर्षभर काम असलेल्या कंपनीने एच-टू-बीच्या मागे लागू नये असं माझं मत. गरज तात्पुरती आहे हे सिद्ध करावं लागतं, वर्षाच्या ६६,००० जागा दोन सहामाह्यांत वाटलेल्या, आणि १ एप्रिलच्या सुरुवातीसाठी जानेवारीच्या पहिल्या तीन दिवसांतले अर्ज चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमाला लागतात. एकच मोठं हॉटेल किंवा इस्पितळ अंगावर घेतलं असेल, तर मात्र तोच रस्ता. पूर्वी एच-टू-बीसाठी ठरावीक देशांची यादी असायची, ती १७ जानेवारी २०२५ पासून काढून टाकली आहे.

ईबी-थ्रीत दर ठरायला काही महिने, मग दोन रविवारच्या जाहिराती, राज्याच्या एजन्सीकडे ३० दिवसांची नोकरीची नोंद, साइटवर दरासह लावलेली नोटीस, आणि अर्जाच्या निकालाला वर्षाहून जास्त. त्यानंतर रांग, आणि ती जन्मदेशावर. भारतात जन्मलेल्यांची तारीख २०२५ मध्ये २०१३ च्या आसपास रेंगाळत होती, म्हणजे तेव्हा पर्म दाखल केलेल्यांचा नंबर आता लागत होता. म्हणजे कोल्हापूरच्या कारागिरासाठी आज पर्म करणं म्हणजे दशकाहून जास्त थांबण्याची तयारी. तुमच्याकडे आधीच कायदेशीर काम करत असलेला, दुसऱ्या देशात जन्मलेला माणूस असेल, तर मात्र ईबी-थ्रीच.

हे वाचणारा कारागीर स्वतः असेल, किंवा गावाकडे कोणी असेल, तर एवढं सांगून ठेवा. पर्मचा खर्च आणि पर्मसाठीच्या वकिलाची फी मालकाने द्यायची असते. एच-टू-बीत भरतीची फीही त्यानेच, आणि व्हिसाची फी पहिल्या कामाच्या आठवड्यात परत करायची असते. मुंबईत किंवा पुण्यात एजंट ‘स्पॉन्सरशिप’चे लाखो रुपये मागत असेल, तर तो या नियमांच्या बाहेरचा व्यवहार आहे. पैसे देऊ नका, आणि मालकाकडून दर, तास आणि कामाचा कोड लिहिलेला कागद मागून घ्या.