सीझनवॉच शाळेत: जून ते एप्रिल वापरल्यानंतरचा अनुभव

सीझनवॉच हा झाडांच्या नोंदी ठेवायचा उपक्रम शाळेत सुरू करावा का, असं आमच्या केंद्रातल्या आणि बाहेरच्याही बऱ्याच शिक्षकांनी गेल्या काही महिन्यांत विचारलं. फोनवर सांगायला गेलं की निम्मं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितो. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही सुरुवात केली आणि एप्रिलमध्ये परीक्षा संपेपर्यंत ते चालवलं. माझं मत आधीच सांगतो: जरूर सुरू करा, पण वर्षभर नेटाने करायची तयारी असेल तरच. दिवाळीपर्यंत करून सोडलं तर मुलांच्या हाती फारसं काही लागणार नाही, कारण तोवर बऱ्याच झाडांवर आठवड्यामागून आठवडे एकच नोंद होत राहते. खरी मजा नंतर आहे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचा हा उपक्रम, विप्रोच्या पाठबळावर चालणारा. एक झाड निवडायचं, त्याची नोंदणी करायची आणि दर आठवड्याला एकदा त्याच झाडापाशी जाऊन काय दिसतं ते लिहायचं. पानं कोवळी आहेत, जून आहेत की वाळायला लागलीत, कळ्या आहेत की फुलं उमललीत, फळ कच्चं आहे की पिकलंय. प्रत्येकापुढे उत्तरं तीनच: नाही, थोडं, भरपूर. पैसे लागत नाहीत. केरळातल्या शाळा यात सगळ्यांत पुढे आहेत. तिथे एप्रिलच्या मध्यावर विषू हा नववर्षाचा सण येतो आणि पहाटेच्या पहिल्या दर्शनात बहाव्याची फुलं लागतातच. बहावा हल्ली सणाच्या बराच आधी फुलून जातो असं लोक म्हणतात, पण ते खरं की नुसतं वाटणं, हे सांगायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. जपानमधल्या क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. आपल्याकडे इतक्या मागच्या नोंदी नाहीत. त्या आपल्या मुलांनी आज लिहायला घ्यायच्या, हे मला या उपक्रमात सगळ्यांत मोलाचं वाटलं.

आमची शाळा आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. दोन शिक्षकी, पहिली ते पाचवी. बहुतेक मुलं महादेव कोळी समाजाची. सुरुवातीला माझ्या सहकारी बाईंनीच विचारलं होतं की या मुलांना रान कशाला शिकवायचं, त्यांनाच आपल्यापेक्षा जास्त कळतं. प्रश्न अगदी रास्त होता. मुंबईच्या मुलांना गोरेगावला बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या) केंद्रात एक दिवस नेलं तर तो त्यांच्यासाठी मोठा दिवस असतो. आमची मुलं रोज तसल्याच वाटेने शाळेत येतात. करवंदं कुठल्या जाळीत गोड, मध कुठे लागलाय, हे त्यांना ठाऊक असतं. पण ते ज्ञान शाळेच्या दारात चपलांसोबत बाहेर राहायचं. आत आलं की परिसर अभ्यासाचं पुस्तक आणि ‘झाडांचे उपयोग लिहा’. सीझनवॉचमुळे ते बाहेरचं शहाणपण वहीत आलं, आणि ज्या मुलाला वाचन जड जातं तो झाडापाशी सगळ्यांत आधी बोलायला लागला. आमच्यासारख्या शाळांनी हे करावं असं मी म्हणतो ते मुख्यतः याच कारणासाठी.

प्रत्यक्षात कसं केलं ते सांगतो. तिसरी ते पाचवीच्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला एक झाड दिलं. पळस, काटेसावर, आंबा, करंज, जांभूळ, बहावा, कोशिंब. सगळी शाळेपासून हाकेच्या अंतरावर. वार ठरवला शनिवार. शाळांमध्ये दप्तराविना उपक्रमांचा ‘आनंददायी शनिवार’ आता आहेच, त्यात हे सहज बसतं आणि वेगळी परवानगी मागत बसावं लागत नाही. झाडाचा घेर मोजायला शिंप्याकडची टेप, ओळखीसाठी सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची पाटी. खिळा ठोकायचा नाही हा नियम मुलांनीच केला. आमच्याकडे रेंज नाही, त्यामुळे नोंद आधी मोठ्या वहीत. घोडेगावला गेलो की मी ती फोनवरून चढवायचो. पुढेपुढे मला वाटायला लागलं की वही हीच खरी वस्तू आहे. मागची पानं उलटून ‘आपला करंज गणपतीत कसा होता’ हे मुलं स्वतः पाहू शकतात.

आता त्या ‘नाही’च्या रकान्याबद्दल, कारण माझ्या मते सगळं शिक्षण तिथेच आहे. पळसाच्या जोडीतला चौथीतला मुलगा ऑगस्टमध्ये मला म्हणाला, “सर, ह्याला काय बी नाय आलं. तरी ल्ह्याचं?” म्हटलं, हो, ‘नाही’ असं लिहायचं. त्याला ते पटेना. शाळेत रकाना रिकामा राहिला की गुण जातात, हे मुलांच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. शेजारच्या जोडीच्या झाडाला काहीतरी आलंय आणि आपल्या झाडाला नाही, म्हणजे आपण मागे पडलो, असं त्यांना वाटायचं. एकाने तर जुनी वाळकी शेंग पाहून ‘फळ थोडं’ असं लिहूनही टाकलं होतं. मग झाडाखाली बसून बोललो. ज्या आठवड्यात फूल नव्हतं तो आठवडा नोंदवला नाही, तर फूल कधी आलं हे तरी कशावरून सांगणार? पावसाळा गेला, दिवाळी गेली, पळसापुढे ‘नाही, नाही, नाही’. आणि जानेवारीच्या अखेरीस याच मुलाने काळपट मखमली कळ्या पाहिल्या. खालून त्या बारक्या गाठींसारख्या दिसतात, जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतही नाहीत. त्याला कळल्या, कारण त्याने ती फांदी आधी रिकामी पाहिलेली होती. पुढे पळस पेटला तेव्हा साऱ्या वाडीला दिसला. मैना, बुलबुल, शिंजीर, खारी, सगळ्यांची झुंबड. त्याची यादी मुलांनी न सांगता केली.

दुसरी जागा म्हणजे ‘थोडं’ आणि ‘भरपूर’. झाडाच्या पसाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भागावर असेल तर भरपूर, कमी असेल तर थोडं. पाचवीच्या गणितात अपूर्णांक शिकवताना मी जेवढा खडू झिजवला असेल तेवढ्याने जे झालं नाही ते आंब्याखाली झालं. मोहोराचे दिवस. जोडीतल्या दोघी भांडत आल्या. एक म्हणते भरपूर, दुसरी म्हणते थोडा. दोघींना झाडाभोवती फिरायला लावलं. शाळेकडच्या बाजूने मोहोर ओथंबलेला आणि ओढ्याकडच्या बाजूला मोहोराचा पत्ता नाही, तिकडे तांबूस पालवी लोंबतेय. दोघी आपापल्या जागेवरून खरंच सांगत होत्या. मग पोतं अंथरून उताण्या झोपल्या, हाताची बोटं डोळ्यांपुढे धरून पसाऱ्याचे तीन वाटे केले आणि ‘भरपूर’ लिहिलं. लगेच पुढचा प्रश्न: एकाच झाडाला एका बाजूला मोहोर आणि दुसरीकडे पालवी असं का? आंब्याच्या फांद्या आपापल्या चालीने चालतात. गेल्या साली फळांनी लगडलेल्या काटक्या बहुतेक वेळा पुढच्या मोसमाला विसावा घेतात, पक्व झालेल्या काटक्यांवर मोहोर येतो. हे मी सांगितलं खरं, पण प्रश्न त्यांचा होता म्हणून ते ऐकलं गेलं.

करंजाच्या जोडीला आणखी एक घबाड मिळालं. पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा. पान उजेडाकडे धरलं की रेघ सुरुवातीला दोऱ्याएवढी आणि पुढे रुंद होत जाते, कारण पानाच्या दोन पापुद्र्यांमधून खात जाणारी अळी वाटेत मोठी होत असते. रेघेच्या टोकाशी अळी आहे का हे पाहण्यात मुलांची अख्खी मधली सुट्टी जायची. असल्या गोष्टींसाठी वहीत आम्ही ‘आणखी काय दिसलं’ असा आमचा रकाना जोडला. तुम्हीही जोडा. वर्षाअखेरीस सगळ्यांत गच्च भरलेला रकाना तोच होता.

उंबर आणि वड मात्र पहिल्या वर्षी देऊ नका. फुलं फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात, त्यामुळे फूल कुठलं आणि फळ कुठलं यात लहान मुलं गोंधळतात. आम्ही नोंदणी न करता नुसतं एक उंबर चिरून भिंगातून पाहिलं. आतली बारीक फुलं आणि चिलटाएवढ्या गांधीलमाश्या पाहून एरवी उंबरं सहज तोंडात टाकणारी मुलं काही दिवस विचारात पडली. त्या माशीवाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून माशीला अंडी घालायला जागा नाही, हे सांगितल्यावर परत खायला लागली.

हिरडा आम्ही घरचा म्हणून आमच्या वहीत घेतला. इथल्या घरांचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न बाळहिरड्यावर, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांवर, बरंचसं अवलंबून असतं. एका मुलीची आजी शाळेत आली आणि ओट्यावर बसून तिने सांगितलं की आत बी घट्ट व्हायच्या आत हिरडा काढायचा, उन्हात वाळवून काळा करायचा, उशीर झाला की व्यापारी भाव पाडतो. झाडावर चढून झोडपताना कुठली फांदी राखायची तेही सांगितलं. मुलं लिहून घेत होती. निसर्ग जपायचा म्हणजे हात लावायचा नाही, असं जे पुस्तकी बोललं जातं ते आमच्या मुलांच्या गळी कधी उतरणार नाही, आणि उतरूही नये. ज्याच्यावर पोट आहे ते झाड पुढच्या वर्षीही द्यायला उभं राहिलं पाहिजे, ही त्यांची जपणूक आहे.

मुलांमध्ये फरक काय पडला, हा प्रश्न हमखास येतो. मी एकच गोष्ट सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे डोंगरावर वणवे लागतात, गवत पेटवलं जातं. त्याची कुणाला नवलाई नाही. यंदा काटेसावरीच्या जोडीने घरच्यांना गळ घातली, आणि दोन-तीन घरची माणसं विळे घेऊन आली. उतारावरच्या सावरीभोवतालचं वाळलं गवत काढून मातीचा पट्टा मोकळा केला. मुलांनी कुठलं भाषण केलं नव्हतं की घोषणा दिल्या नव्हत्या. “आमच्या सावरीला आत्ता बोंडं धरलीत” एवढंच त्यांचं म्हणणं. ५ जूनला पर्यावरण दिनी रोप लावून फोटो काढलेल्या मुलाकडून मी हे कधी ऐकलेलं नाही, आणि रोपं आम्हीही दर वर्षी लावत आलोय. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, २००१ पासून शाळाशाळांत मुलांची हरित सेना आली. हेतू चांगलेच होते, पण शाळेपर्यंत पोचता पोचता त्याचं बऱ्याच ठिकाणी प्रश्नोत्तरं आणि रोपांचे आकडे एवढंच उरलं. माहितीच्या तक्त्यात ‘किती रोपे लावली’ असा रकाना असतो. लावलेल्या रोपाकडे वर्षभर कोण गेलं, हे कुणी विचारत नाही. याची मला मनापासून चीड येते.

अडचणी आहेत. सगळ्यांत मोठी मे महिन्याची. बहावा भरात येतो, जांभळं धरतात, आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद. शहरातली मुलं तर गावालाच जातात. आम्ही यंदा घराजवळची झाडं त्या त्या मुलांकडे सोपवलीत, पाहू किती जमतं ते. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की काही शनिवारी झाडापर्यंत जाता येत नाही. त्या आठवड्याची नोंद मग नाहीच. अंदाजाने भरायची नाही, हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. शिक्षकाची बदली ही तिसरी अडचण. एकट्याच्या हौसेवर चालवलं तर त्याच्याबरोबर ते जातं, म्हणून बाईंना मी पहिल्यापासून सोबत घेतलं. आता माझ्यापेक्षा त्याच जास्त पाहतात. आणि आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांत काम होतं असं वाटतं खरं, पण मुलांच्या प्रश्नांना वेळ द्यायचा तर पाऊण तास धरून चाला.

शहरातल्या शाळांना जागेची अडचण सांगायचं कारण नाही. करंज, बहावा, चिंच, आंबा रस्त्याकडेला असतातच. निदान एक तरी पानगळीचं झाड घ्या, म्हणजे मुलांना बदल ठळक दिसेल. कोशिंब मिळाला तर सोडू नका. मार्चमध्ये त्याची लालभडक पालवी येते तेव्हा लांबून ती फुलंच वाटतात, आणि फुलं की पानं यावर वर्गात जो वाद होतो तो ऐकण्यासारखा असतो.

पाचवीची मुलं आता खालच्या गावच्या मोठ्या शाळेत जातील. त्यांची झाडं तिसरीत येणाऱ्या मुलांकडे द्यायचं ठरलंय. वाटणी झाली, थोडी रडारड झाली, आणि पळसाच्या जोडीने नव्या मुलांना कळ्या कुठल्या फांदीवर आधी येतात ते दाखवून ठेवलंय. ज्यांना येत्या वर्षी सुरू करायचंय त्यांनी शाळा उघडायच्या आधीच झाडं हेरून ठेवा, जून लागला की सवड मिळत नाही. वही जाड पुठ्ठ्याची घ्या आणि पेनऐवजी शिसपेन वापरा. पावसाच्या पाण्याने शाई पसरते, शिसपेनाचं लिहिलेलं टिकतं.