सासऱ्यांची १९८४ची पद्मिनी: विकायच्या आधी काही महिने चालवली, मग किंमत काढली

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ची, १०८९ सीसी पेट्रोल, हँड गिअर (म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी), पुढे सलग सीट, जुन्या तीन अक्षरी सिरीजचा नंबर, आणि पहिल्यापासून एकच मालक म्हणजे माझे सासरे. त्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीये, नवीन बिल्डिंगमध्ये पार्किंग एकच मिळणार, म्हणून विकायचं ठरलं आणि किंमत काढायचं काम माझ्याकडे आलं. दिवाळीपासून गाडी माझ्याकडेच आहे, पुण्यात आठवड्यातून दोन-तीनदा बाहेर काढतो, वाईला पण नेऊन आणली आणि खंबाटकीत तापली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

पहिली गोष्ट म्हणजे इन्शुरन्सच्या आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत गाडीची जी किंमत धरलेली असते तिच्यावर, जाऊ नका. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो, त्यापुढे आणि बंद झालेल्या मॉडेलला तो आकडा कंपनी आणि आपण बोलून ठरवायचा असतो, त्यात बाजारभाव काही कळत नाही. सेकंडहँड गाड्यांच्या अ‍ॅपवर टाकायला गेलो तर एवढं जुनं वर्ष निवडताच येईना. एजंटने गाडीभोवती एक चक्कर मारून चाळीस हजार सांगितले, आणि ऑनलाइन जाहिरातीत तशीच दिसणारी गाडी साडेतीन लाखाला. पण जाहिरातीतला आकडा म्हणजे मागणी, सौदा नव्हे! तीच जाहिरात महिनोन्‌महिने तशीच पडलेली दिसली की समजायचं त्या भावाला कोणी घेत नाहीये. मी मग ज्यांची गाडी खरंच विकली गेली अशा लोकांना फोन केले, पद्मिनी मूळची फियाटच, आणि आपल्याकडे फियाटप्रेमींचे ग्रुप आहेत, नीट विचारलं तर लोक खरा आकडा सांगतात. माझ्या मते पद्धत ही एकच: चांगल्या चालू गाडीचा प्रत्यक्ष झालेला सौदा धरायचा आणि आपल्या गाडीत जेवढं काम बाकी आहे ते त्यातून वजा करायचं. आणि काम किती बाकी आहे हे उभ्या गाडीवरून कळत नाही हो, त्यासाठी चालवावीच लागते.

पावसाळा झाला की पत्रा बघा. बाहेरून पेंट चकाचक असतो आणि खाली पायाशी मॅट उचललं की गंज. जमिनीचा पत्रा, दाराखालची पट्टी, चाकावरची कमान, डिकीत स्टेपनीखाली, बॅटरीखाली, सगळीकडे पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवलं, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी जाड भरलीये. आमच्या गाडीत मागच्या डाव्या कमानीला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली निघालं. डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून लेखी एस्टिमेट घेतलं, कारण इंजिनपेक्षा पत्र्याचंच काम महाग पडतं, आणि समोरचा माणूस तिथेच हजारांनी भाव पाडतो.

इंजिनचं मला टेन्शन नव्हतं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब, त्यावरून इंजिन किती झिजलंय ते कळतं) जवळपास सारखं आलं, निळा धूर नाही. कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर साफ केला, इग्निशनचे पॉइंट बदलले, आणि पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवीन घातले, कारण आताचं वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, हे ज्यांच्याकडे कार्बची जुनी गाडी आहे त्यांनी विकायची नसली तरी करून घ्या. पार्ट नाना पेठेत मिळाले, दाराचे हँडल आणि क्रोमची पट्टी मात्र कुर्ल्याहून आणली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला बंद झाल्या, टॅक्सीच्या जिवावर जो पार्टचा धंदा चालायचा तो आता तसा राहणार नाही असं मला वाटतं, म्हणून गाडीबरोबर जे जास्तीचे ओरिजिनल पार्ट असतील ते फेकू नका, त्यांचेही पैसे येतात.

आता कागद, आणि माझ्या मते निम्मी किंमत इथेच आहे. आमचं आरसी जुन्या पुस्तकाचं, ऑनलाइन रेकॉर्डच नव्हतं, आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे पुस्तकातली माहिती ऑनलाइन चढवून, घ्यावी लागली. चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी जुळतात का ते टॉर्च लावून स्वतः वाचा, कारण कित्येक पद्मिनींमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि पुस्तकात पेट्रोलच असतं, अशी गाडी जाणकार माणूस घेत नाही. रजिस्ट्रेशनचं रिन्युअल पाच वर्षांचं मिळतं, वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५पासून त्याची फी दहा हजार झालीये, वर पर्यावरण कर वेगळा. आम्ही रिन्युअल करूनच विकायला काढली, त्यामुळे घेणाऱ्याला फक्त २९-३० नंबरचे फॉर्म आणि ट्रान्सफर. दिल्लीचा एक माणूस फार उत्साहाने बोलत होता पण तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर निर्बंध आहेत, त्याला मी आधी तिथल्या आरटीओत विचारून ये म्हटलं.

आणि कृपया १९८४च्या गाडीवर 'व्हिंटेज' लिहू नका. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या रजिस्ट्रेशनपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज, तिला व्हीए सिरीजचा नंबर, नवीन रजिस्ट्रेशनला वीस हजार फी, आणि मग ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला. आमची त्यात बसायला २०३४ उजाडेल. उलटी दारं उघडणाऱ्या जुन्या फियाटीचा, ज्याला आपण डुक्कर फियाट म्हणतो, तिचा भाव आपल्या पद्मिनीला लावू नका, ती गोष्टच वेगळी आहे.

हे सगळं धरून आमचा हिशोब एक लाख साठ हजारावर आला. पत्र्याचं काम न करता, एस्टिमेट दाखवून, तेवढं कमी करून. नवीन रंग मुद्दाम मारला नाही, ज्याला घ्यायचीये त्याला गंज कुठे आहे ते दिसलं पाहिजे असं सासऱ्यांचं म्हणणं आणि मला ते शंभर टक्के पटतं. फाइलमध्ये जुनी सर्व्हिसची बिलं, खरेदीची पावती, कॉम्प्रेशनचे आकडे, गाडीखालून काढलेले फोटो, सगळं लावलंय. आतापर्यंत जे लोक बघायला आले त्यात ज्यांनी फाइल पूर्ण वाचली ते दीड लाखाच्या खाली बोललेच नाहीत, आणि ज्यांनी नुसता बॉनेट उघडून बंद केला ते सगळे पन्नास-साठवरच अडकले. नाशिकचे एक गृहस्थ दीड म्हणालेत, रविवारी त्यांचा मेकॅनिक घेऊन परत येतायत, लिफ्टवर चढवून बघायची त्यांची अट आहे आणि ती आम्ही आनंदाने मान्य केलीये.